अंदमानच्या समुद्रात एका दिवसात वीस-बावीस धक्के: आकडा नको, जागा विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला आहे (सरकारी कागदावर आता श्री विजयपुरम), सोबत बायको आणि लहान मुलगी. अंदमान समुद्रात चोवीस तासांत वीसच्या वर धक्के बसल्याची बातमी फिरत फिरत आईच्या फोनवर पोचली आणि तेव्हापासून आई रोज 'परत या' म्हणतेय. २००४ सारखं पुन्हा होणार का, समुद्राखाली ज्वालामुखी जागा होतोय का, त्यांना बोलावून घ्यावं का, आणि जाता जाता, अरबी समुद्रात असं काही झालं तर कोकणचं काय, आणि पालघरला बसत होते ते धक्केही असेच का?

आधी सरळ उत्तर. एवढ्या बातमीवरून त्यांना परत बोलावण्याचं कारण नाही. पण 'काही होत नाही हो' म्हणून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही, कारण अंदमान-निकोबार हा भूकंपाच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत धोक्याच्या प्रदेशांपैकी एक आहे, आणि तो तसा धक्क्यांची मालिका नसतानाही असतो. समुद्रातल्या भूकंपांच्या नोंदी वाचण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. त्यावरून सांगतो, किती धक्के बसले हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. कुठे बसले, कोणत्या प्रकारच्या फॉल्टवर (खडकातल्या सरकत्या भेगेवर) बसले आणि तासागणिक ते कोणत्या दिशेला सरकतायत, हे तीन प्रश्न कामाचे.

संख्या आधी निकालात काढू. ज्या बातमीबद्दल तुम्ही विचारताय तशी एक मालिका ४ आणि ५ जुलै २०२२ ला झाली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने एका दिवसात वीसहून अधिक धक्के नोंदवले, त्यातला सर्वांत मोठा ५ तीव्रतेच्या आसपासचा, पोर्ट ब्लेअरपासून साधारण दोनशे किलोमीटर आग्नेयेला. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ग्रीसच्या सांतोरिनी बेटाजवळ मालिका झाली, तिथे मोजलेल्या धक्क्यांचा आकडा पंचवीस हजारांच्या पुढे गेला. म्हणून सांतोरिनीचा धोका हजारपट होता असं नाही. तिथे आजूबाजूच्या बेटांवर भूकंपमापकांची दाटी आहे आणि नोंदी संगणक चाळतो, त्यामुळे कुणाला जाणवणारही नाही असा बारीकसा धक्काही सुटत नाही. अंदमानात यंत्रं मोजक्या बेटांवर, तीही उत्तर-दक्षिण एका ओळीत. पूर्वेकडे नुसतं पाणी. चारच्या खालचे बरेचसे धक्के तिथे यादीत येतच नाहीत. सर्वसाधारण नियम असा की तीव्रता एकाने उतरली की संख्या दसपट होते. चारच्या वरचे वीस दिसले तर तीनच्या वरचे दोनशे आणि दोनच्या वरचे दोन हजार तिथे होऊन गेलेले असणार. बातमीतला आकडा हा बऱ्याच अंशी यंत्रांच्या संख्येचा आकडा असतो.

त्यात वाहिन्या आपली भर घालतात. एकच धक्का दिल्लीचं केंद्र ४.६ म्हणून देतं, अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था ४.८ म्हणून, वेळेत दोन-तीन सेकंदांचा फरक, जागेत दहा-पंधरा किलोमीटरचा. दोन्ही याद्या एकत्र केल्या की एकाचे दोन होतात. आणि 'खोली १० किलोमीटर' हे शब्द वाचून जे लोक 'सगळे धक्के एकाच खोलीवर, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय' असा निष्कर्ष काढतात, त्यांच्यासाठी: यंत्रं दूर असली की खोली ठरवणं फार अवघड जातं, तेव्हा गणित सुटावं म्हणून खोली १० वर बांधून टाकतात. तो मोजलेला आकडा नाही, धरलेला आकडा आहे. समुद्रातल्या भूकंपांच्या यादीत ओळीने दहा-दहा दिसले की ते नोंद घेणाऱ्याची अडचण सांगतात, जमिनीबद्दल काही नाही.

आता मालिका म्हणजे काय ते. नेहमीचा मोठा भूकंप सुतळी बॉम्बसारखा असतो, एक दणका आणि मग उडालेल्या ठिणग्या. आपण ज्याला स्वॉर्म म्हणतो ती लवंगीची माळ. पहिल्या प्रकारात मुख्य धक्का सगळ्यांत मोठा, त्याच्या मागून येणारे त्याहून स्पष्टपणे लहान, आणि दिवस जातील तशी त्यांची संख्या एका ठरावीक वेगाने घटत जाते. जपानच्या फुसाकिची ओमोरींनी १८९४ मध्ये मांडलेला तो नियम आजही चालतो. स्वॉर्ममध्ये मुख्य असा कुणी नसतो. ४.७, ४.९, ४.५, ५.०, पुन्हा ४.८, सगळ्यांत मोठा मध्येच कुठेतरी येऊन जातो, आणि जोर ओसरतोय असं वाटतानाच पुन्हा उसळी येते. याचा अर्थ एका मोठ्या फॉल्टने ताण सोडून दिला असं झालेलं नाही. खालून काहीतरी सतत ढकलतंय. ते ढकलणारं कधी वर चढणारा शिलारस (वितळलेला खडक) असतो, कधी खडकाच्या भेगांत दाबाखाली शिरणारं पाणी, तर कधी फॉल्टचा एखादा भाग आवाज न करता हळूहळू सरकत असतो आणि त्याच्या कडांवर बारीक धक्के उमटत राहतात.

यांपैकी नक्की काय चाललंय हे जागेवरून कळतं, आणि इथेच अंदमान समजून घ्यावा लागतो. लोकांच्या डोक्यात 'अंदमान म्हणजे भूपट्टांची (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांची) सीमा' अशी एकच रेघ असते. तिथे सीमा दोन आहेत, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिली बेटांच्या पश्चिमेला. तिथे भारतीय भूपट्ट बेटांखाली घुसतो. सुमात्रापासून म्यानमारपर्यंत गेलेल्या या खोल गर्तेच्या पूर्वेला दोन भूपट्टांचा जो उतरता सांधा आहे, तो बेटांच्या खालून जातो. २६ डिसेंबर २००४ ला सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी तोच फाटला, सुमात्राच्या वायव्य टोकापासून उत्तर अंदमानपर्यंत जवळजवळ तेराशे किलोमीटर. तीव्रता ९.१. पोर्ट ब्लेअर सुमारे मीटरभर खचलं, जवळच्या सिप्पीघाटची भातशेती भरतीच्या पाण्याखाली गेली ती याचमुळे. ग्रेट निकोबारच्या टोकावरचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खाली गेला, आणि उत्तर अंदमानात किनाऱ्यावरचे प्रवाळ पाण्याबाहेर आले. समुद्राचा तळ एवढ्या लांबीवर वर-खाली झाला म्हणून त्सुनामी आली.

दुसरी सीमा बेटांच्या पूर्वेला, अंदमान समुद्राच्या मधोमध. भारतीय भूपट्ट तिरका, उत्तरेकडे झुकून घुसत असल्यामुळे बेटांचा पट्टा उत्तरेकडे ओढला जातो आणि त्याच्या मागे समुद्राचा तळ फाकतो. गेल्या सुमारे चाळीस लाख वर्षांपासून तो वर्षाला तीन-चार सेंटीमीटरने रुंदावतोय. ही फाक दक्षिणेला सुमात्रातल्या मोठ्या फॉल्टशी आणि उत्तरेला म्यानमारच्या सागाइंग फॉल्टशी जोडलेली आहे. मार्च २०२५ मध्ये मंडालेजवळ जो विनाशकारी भूकंप झाला तो त्याच सागाइंगवर. फाकणाऱ्या जागी खडक पातळ आणि गरम असतो, फॉल्टचे तुकडे लहान असतात, खाली शिलारस असतो. अशा जागी स्वॉर्म होणं हे तिथलं रोजचं राहणीमान आहे. एक मोठा ताण साठवून ठेवण्याची त्या खडकाची ऐपतच नसते.

अंदमान समुद्रातल्या बहुतेक गाजलेल्या मालिका या दुसऱ्या सीमेवरच्या. त्यातली सर्वांत मोठी माहीत करून घ्या म्हणजे बावीस धक्क्यांचं काही वाटणार नाही. २००४ च्या भूकंपाला महिना होतो न होतो तोच, २६-२७ जानेवारी २००५ पासून, निकोबारच्या पूर्वेला समुद्रात एक मालिका सुरू झाली आणि तीन-चार दिवसांत ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे दीडशेवर धक्के बसले. पाचच्या वरचे दीडशे! जगात यंत्रांनी नोंदवलेली ती सर्वांत जोरदार मालिका मानली जाते, आणि तरी तिच्यातला एकही धक्का सहाच्या पुढे फारसा गेला नाही. पश्चिमेचा सांधा सुटल्यावर बेटांचा पट्टा काही मीटर पश्चिमेला सरकला होता, त्यामुळे मागच्या फाकेवरचा ताण एकदम बदलला आणि ती आधीच तयार असलेली जागा खदखदून गेली. काही धक्के तळ ताणला गेल्याचे होते, काही दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्याचे. त्सुनामी आली नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी, २८ मार्च २००५ ला, सुमात्राच्या नियास बेटाजवळ ८.६ चा भूकंप झाला तेव्हा 'बघा, मालिका हा इशाराच होता' असं म्हणणारे निघाले. नियास त्या मालिकेपासून सातशे किलोमीटरवर आहे आणि तो भूकंप पहिल्या सीमेवरचा, घुसणाऱ्या सांध्यावरचा. त्याला जबाबदार होता डिसेंबरचा भूकंप, ज्याने शेजारच्या न फाटलेल्या तुकड्यावरचा भार वाढवून ठेवला होता. मधल्या मालिकेचा त्यात काही हात नव्हता.

ज्वालामुखीचा प्रश्न तुमच्या आईंनी विचारला तो रास्त आहे. या समुद्रात बॅरन बेट आहे, भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, जो दीडशेहून अधिक वर्षं शांत राहून १९९१ मध्ये पुन्हा उफाळला आणि तेव्हापासून अधूनमधून धूर-लाव्हा टाकत असतो. पाण्याखाली आणखी आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने निकोबारच्या पूर्वेच्या तळाचे नकाशे केले तेव्हा तिथे बुडालेले ज्वालामुखी दिसले. याच संस्थेने २०१३-१४ मध्ये त्या भागात समुद्रतळावर भूकंपमापक ठेवले होते, आणि योगायोगाने २१-२२ मार्च २०१४ ची एक मालिका त्या यंत्रांच्या अंगणातच घडली. किनाऱ्यावरच्या यंत्राला जे ऐकू येत नाही ते तळावरच्या यंत्राला येतं. त्या नोंदींत काही धक्क्यांची सुरुवात नेहमीसारखी तीक्ष्ण, पण पुढे बराच वेळ संथ, खालच्या पट्टीतली थरथर होती. खडक नुसता तुटला तर अशी थरथर राहत नाही. भेगेत द्रव असला की ती राहते. शिलारस हलत होता असा निष्कर्ष निघाला. पण शिलारस हलणं आणि उद्रेक होणं यांत मोठं अंतर आहे. वर निघालेला बहुतेक शिलारस वाटेतच अडकतो आणि थिजतो.

शिलारस हलतोय की नुसता फॉल्ट सरकतोय हे ओळखायची दुसरी खूण म्हणजे धक्क्यांचं स्थलांतर. भेगांत मुरणाऱ्या पाण्याचा दाब पसरतो तो संथपणे, आठवड्या-महिन्यांत काही किलोमीटर, आणि त्याचा वेग मंदावत जातो. शिलारसाची उभी भिंत खडक चिरत पुढे सरकते ती तासाला किलोमीटरच्या हिशेबात. आइसलंडमध्ये १० नोव्हेंबर २०२३ ला हे अक्षरशः डोळ्यांदेखत झालं. अटलांटिक महासागराच्या मधली सीमा तिथे पाण्याबाहेर येऊन जमिनीवर चालते. काही तासांत धक्क्यांची रांग ग्रिंडाविक गावाखालून पंधरा किलोमीटर लांब पसरली. पावणेचार हजार वस्तीचं ते गाव त्याच रात्री रिकामं केलं गेलं, आणि १८ डिसेंबरला गावाच्या उत्तरेला जमीन फाटून लाव्हा आला. सांतोरिनीतही धक्के असेच सरकत होते. अकरा हजारांहून अधिक लोक बेट सोडून गेले, सर्वांत मोठा धक्का १० फेब्रुवारीला ५.३ चा, आणि नंतरच्या अभ्यासातून दिसलं की सुमारे तीस कोटी घनमीटर शिलारस वर चढून तळाखाली चारेक किलोमीटरवर थांबला होता. उद्रेक झाला नाही. तेव्हा लोकांनी बेट सोडलं ते चूक होतं का? मला नाही वाटत. तिथे ज्याची भीती होती तो शिलारस नव्हे, तर शेजारच्या अमोर्गोस बेटाजवळचा फॉल्ट, ज्याने १९५६ मध्ये साडेसातच्या वरचा भूकंप आणि त्सुनामी दिली होती.

आणि कधी कधी उद्रेक होऊनही कुणाला पत्ता लागत नाही. मादागास्करच्या वायव्येला मायोत नावाचं फ्रेंच बेट आहे. मे २०१८ मध्ये तिथे मालिका सुरू झाली, १५ मे ला ५.९ च्या आसपासचा धक्का बसला, लोक घराबाहेर झोपले, बेट हळूहळू पूर्वेकडे सरकत आणि खचत राहिलं. वर्षभराने जहाज नेऊन तळ तपासला तेव्हा पन्नास किलोमीटरवर, साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात, आठशे वीस मीटर उंचीचा अगदी नवा ज्वालामुखी उभा होता. एवढ्या खोलीवर पाण्याचाच भार इतका असतो की स्फोट होत नाही, लाव्हा मुकाट्याने पसरतो. अंदमान समुद्राच्या खोल भागात पुढेमागे असं काही झालं, तर पोर्ट ब्लेअरला बसलेल्या माणसाला ते वर्तमानपत्रातूनच कळेल. उथळ पाण्यातल्या ज्वालामुखीची गोष्ट वेगळी. २२ डिसेंबर २०१८ ला इंडोनेशियात अनाक क्राकातोआचा एक कडा समुद्रात कोसळला आणि भूकंपाचा इशारा न मिळताच त्सुनामी आली. असल्या प्रसंगात भूकंपाच्या यादीचा उपयोग नसतो, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं.

आता मला ज्याची खरी काळजी वाटेल ते. मालिका पहिल्या सीमेवर, म्हणजे घुसणाऱ्या सांध्यावर झाली तर मी कान टवकारतो. चिलीच्या उत्तर किनाऱ्यावर १६ मार्च २०१४ ला ६.७ चा धक्का बसला आणि त्यानंतर पंधरवडाभर धक्क्यांची रांग सांध्यावरून सरकत राहिली. १ एप्रिलला तिथेच ८.२ चा भूकंप झाला. जपानात ९ मार्च २०११ ला ७.३ चा धक्का बसला. दोन दिवसांनी तिथे जो महाभूकंप आणि त्सुनामी झाली ती सगळ्यांना माहीत आहे. पण हेही ऐका. टोकियोच्या पूर्वेला बोसो द्वीपकल्पाखाली १९९६, २००२, २००७, २०११, २०१४, २०१८ अशी दर काही वर्षांनी मालिका होते, तीही घुसणाऱ्या सांध्यावरच, आणि दर वेळी सांधा थोडा संथपणे सरकून शांत होतो. चिली आणि बोसो यांतला फरक मालिका चालू असताना ओळखता येत नाही, मागे वळून बघतानाच येतो. 'ही मालिका पूर्वसूचना आहे' असं आज छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाकडे तसं सांगायचं साधन नाही. जे सांगता येतं ते एवढंच, की अशा जागी अशा आठवड्यात मोठ्या भूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा वाढलेली असते, पण वाढूनही ती थोडीच असते.

'बारीक धक्के बसलेले बरे, ताण निघून जातो' असंही तुमच्या भावाला कुणीतरी सांगितलंय. हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकतो आणि दर वेळी कागद-पेन काढतो. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा साधारण बत्तीसपट होते. ५ आणि ९.१ यांत चार टप्प्यांहून थोडं जास्त अंतर, म्हणजे जवळजवळ चौदा लाखपट. २००५ च्या त्या विक्रमी मालिकेतले दीडशे धक्के एकत्र केले तरी २००४ च्या एका भूकंपाच्या ऊर्जेचा कुठे मागमूस लागत नाही. शिवाय ते पूर्वेच्या फाकेवर बसले. पश्चिमेच्या सांध्यावरचा ताण त्याने कमी होत नाही. तेव्हा बारीक धक्क्यांची भीती नको, तसा आधारही नको.

त्सुनामीसाठी समुद्राचा तळ मोठ्या क्षेत्रावर वर किंवा खाली व्हावा लागतो. तळ आडवा सरकला तर पाण्याला धक्का फारसा लागत नाही. याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच महासागरातलं आहे. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ चा भूकंप झाला, आडव्या सरकण्याचा आजवर नोंदलेला सर्वांत मोठा. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत लोक रस्त्यावर आले. लाट आली ती जास्तीत जास्त मीटरभराची, आणि तीही सुमात्राच्या किनाऱ्यावर. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतलं त्सुनामी इशारा केंद्र ऑक्टोबर २००७ पासून काम करतं; हिंदी महासागरात साडेसहा किंवा त्याहून मोठा भूकंप झाला की ते काही मिनिटांत पत्रक काढतं. पाचच्या मालिकेसाठी ते काही बोलत नाही, यावरूनच काय समजायचं ते समजावं.

कोकणचं. अरबी समुद्रातही अशी फाकणारी सीमा आहे, कार्ल्सबर्ग पर्वतरांग, भारतीय आणि सोमाली भूपट्टांच्या मधली. डॅनिश मोहिमेला ज्या बिअर कंपनीच्या प्रतिष्ठानाने पैसे दिले तिचं नाव तिला पडलं. विज्ञानाच्या इतिहासात ती महत्त्वाची: समुद्रतळ फाकतो याचा चुंबकीय पुरावा व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये मांडला, तो तिच्यावरच्या मोजणीतून. तिथे धक्के आणि मालिका नेहमी होतात. १५ जुलै २००३ ला ७.६ चा मोठा भूकंपही झाला, आडव्या सरकण्याचा, आणि दापोली-मालवणात कुणाला त्याची खबरही नव्हती. ही रांग कोकणपासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर आहे. तेव्हा तिथल्या मालिकेची बातमी आली तर वाचा आणि सोडून द्या. कोकणाने नजर ठेवायची ती मकरानवर, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याजवळ, जिथे भूपट्ट घुसतो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ चा भूकंप झाला तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटरची लाट आली होती आणि माणसं वाहून गेली होती. हे मुंबईकरांच्या स्मरणातून पार पुसलं गेलंय.

पालघरची आठवण तुम्ही काढलीत. डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून जी मालिका चालली तीही स्वॉर्मच, पण तिचा भूपट्टांच्या सीमेशी संबंध नाही. ती भूपट्टाच्या पोटातली, जमिनीखालच्या जुन्या भेगांतली. तिथला सर्वांत मोठा धक्का ४ च्या थोडा वर, तरी भिंती तडकल्या, कारण केंद्र घरांच्या अगदी खाली होतं. समुद्रात दोनशे किलोमीटरवरच्या ५ पेक्षा घराखालचा ४ जास्त त्रास देतो.

भावाला सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. मालिकेची बातमी आली की नकाशा उघडून ठिपके बेटांच्या पूर्वेला आहेत की पश्चिमेला ते बघावं. पूर्वेला, आणि पाच-साडेपाचच्या आत असतील, तर ऑफिसला जावं. पश्चिमेला असतील आणि त्यात सहाच्या वरचा एखादा असेल, तर पुढचे आठ-दहा दिवस किनाऱ्यालगतच्या खोलगट जागी मुक्काम टाळावा, गाडीत पेट्रोल ठेवावं, मुलीच्या शाळेपासून उंचावर जायची वाट कोणती हे पायी चालून बघावं. आणि मालिका असो नसो, जमीन वीस सेकंदांहून जास्त वेळ हलली किंवा उभं राहता येईना इतकी हलली, तर हलणं थांबताच उंचावर चालू लागावं; सायरनची, मेसेजची, समुद्र मागे हटण्याची वाट बघू नये. घुसणारा सांधा बेटांच्या थेट खाली आहे, तिथे लाट पोचायला लागणारा वेळ इशारा पोचायला लागणाऱ्या वेळेएवढाच असू शकतो. चेन्नईला २००४ मध्ये दोन तासांहून अधिक मिळाले होते, निकोबारला मिनिटं.

घरात उंच कपाटं भिंतीला स्क्रूने बांधून घ्यावीत, पलंगाच्या डोक्याशी काही लटकतं ठेवू नये. खरा धोका मात्र इमारतीचा. तळमजला गाड्यांसाठी खांबांवर मोकळा सोडलेली इमारत असेल तर क्वार्टर बदलून मिळतं का ते आधी विचारावं. त्यांचं घर समुद्रसपाटीपासून साधारण किती उंचीवर आहे, कितवा मजला आहे आणि इमारत २००४ च्या आधीची की नंतरची, एवढं त्यांना विचारून कळवा; त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.